बदकाचे दोन बोल्ट

“हं, बोला बाई. किती?”

बदकाच्या पुढच्या चाकापाशी लांब्या मेकॅनिक उकिडवा बसला होता. खिडकीमागून पोथीबाईंनी पान उलटले, ओळीवर बोट टेकवले आणि स्वच्छ आवाजात सांगितले, “ब्रेकचा जबडा. धरून ठेवणारे बोल्ट दोन. पंच्याऐंशी.”

“पंच्याऐंशी,” लांब्या म्हणाला.

मग टॉर्कच्या पान्याने दोनदा ‘टक्’ केले. तो पाना मोठा शहाणा. त्याला आकडा लावून द्यायचा. बोल्ट तेवढा आवळला की तो टिचकी मारल्यासारखा वाजतो आणि माणसाला थांबवतो. लांब्याने दुसऱ्या बाजूचे चाकही उरकले, कामाच्या कार्डावर आकडा लिहिला आणि तो हात पुसत उठला. उठायला त्याला वेळ लागे. एवढा उंच माणूस हप्त्याहप्त्यानेच उठणार, असे बाकीचे म्हणत.

या वर्कशॉपमध्ये एकाच कंपनीच्या गाड्या येत, आणि दुरुस्तीच्या पुस्तकांना मेकॅनिकने हात लावायचा नाही असा इथला पक्का नियम होता. फार वर्षांपूर्वी कुणाचा तरी तेलकट अंगठा पानावर टेकला, आकड्यातले एक शून्य झाकले गेले आणि त्या शून्यापायी एक अख्खे इंजिन गेले. तेव्हापासून पुस्तके खिडकीआड गेली. मेकॅनिकने विचारायचे, बाईंनी वाचायचे, मेकॅनिकने आकडा परत म्हणायचा, मगच पाना उचलायचा. पुस्तकांना सगळे पोथ्या म्हणत. म्हणून त्या पोथीबाई.

त्यांच्या पाठीमागच्या कपाटात कंपनीचा सगळा वंश नांदत होता. कंपनीने ठेवलेली नावे फक्त बिलावर असत. घरच्या मुलांना असतात तशी इथली नावे वेगळी. सगळ्यात वर चिमणी, कंपनीची पहिली गाडी. तिचे पुस्तक वीतभर, आणि त्यातल्या चित्रांत टाय बांधलेला एक माणूस हसत हसत प्लग बदलतो. तिच्याखाली पेटी, चारी अंगांनी चौकोनी. तिचे जाड खंड तीन, आणि दुसऱ्या खंडाची पाठ मोडलेली, कारण पेटीचा क्लच रोज कुणाच्या तरी मुळावर. मधल्या फळीवर बदक. रुंद नाक, बसका मागचा भाग, वळणावर डुलत जाणार. बदकाची पाने सुटी, कड्यांत अडकवलेली, कारण बदकाविषयी कंपनीचे मत दर सहा महिन्यांनी बदले आणि टपालाने नवी पाने येत. नवे पान आले की जुने काढून फाडून टाकायचे. तळाच्या फळीवर म्हैस, सात माणसांची गाडी, सात खंडांची. “माणशी एक खंड,” असे लांब्या म्हणे. आणि शेवटची नवरी. तिचे पुस्तकच नव्हते, तिचे सगळे फोरमनच्या खोलीतल्या स्क्रीनवर. जरासा हात लावला की ती रुसे आणि दिवे लुकलुकवत बसे.

पोथीबाई या खिडकीत सव्वीस वर्षे वाचत आल्या होत्या. त्यांतली शेवटची दोन वर्षे त्या वाचत नव्हत्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नजरेच्या मधोमध धूर धरला. कडेकडेचे दिसे, दार दिसे, फळी दिसे, माणूस चालण्यावरून ओळखू येई. पण जिथे नजर रोखावी नेमके तिथे काही नसे. डॉक्टर म्हणाले, हे ऑपरेशनचे दुखणे नाही. घरी नवरा होता, जन्मभर शिंपीकाम केलेला. पण त्याचे हात आता थरथरत आणि सुईत दोरा ओवला जात नव्हता. दोघांचे घर या खिडकीवर चाले. बाईंनी कुणालाच काही सांगितले नाही.

सांगायची गरजही पडली नाही. चोवीस वर्षांत पुस्तके पाठच झाली होती. बाईंना आईकडून ओव्यांचा नाद आलेला. कामाचा कुठलाही आकडा त्या ओवीत बांधून ठेवत. पेटीचा क्लच, म्हशीचा गिअरबॉक्स, चिमणीचे चार झडपांचे अंतर, सगळे गळ्यात होते. बोट पानावर फिरे आणि आतून गाणे चाले.

*बदकाच्या पुढल्या पायी*
*दोन बोल्ट सख्खे भाई*
*पंच्याऐंशी, नको घाई*
*कस बाई*

नवी पाने आली की ती एक रात्र पिशवीतून घरी जात. नवरा वाचून दाखवी, त्या जुनी ओवी मोडून नवी बांधत आणि सकाळी पान जागच्या जागी अडकवत. पानाच्या कोपऱ्यावरचा ठसठशीत क्रमांक त्यांना डोळ्याच्या कडेने दिसे, तेवढा पुरे. “तू कंपनीची कवयित्री,” नवरा म्हणे. “कवयित्रीला पगार कोण देतं? वाचा पुढं,” त्या म्हणत.

तर आज सकाळी बदक उरकले. गाडीचे मालक एक शाळामास्तर होते. ते बिल भरायला गेले तेवढ्यात त्यांच्याबरोबरची म्हातारी खिडकीशी पाणी मागायला आली.

“सासू हो मी त्यांची,” तिने विचारल्याविना सांगितले. “लेकीच्या नणंदेकडं बारसं आहे, घाट उतरून जायचंय. जावई फार हळू चालवतो. मागच्या वेळी एक बैलगाडी पुढं गेली आमच्या.”

“हळूच बरं,” बाई हसल्या.

“बरं काय! मला घाट बाधतो. उतार लागायच्या आधी पंपावर उतरून दहा मिनिटं वारा खाल्ला नाही, तर सगळी गाडी धुवावी लागते मग.” म्हातारीने पेला परत दिला. तिची बोटे बाईंच्या बोटांना लागली, गार आणि हलकी. “ब्रेक नीट केलेत ना गं पोरी?”

“नीट केलेत,” बाई म्हणाल्या.

बदक गेले तेव्हा साडेदहा झाले होते.

नंतर बाई फडक्याने फळ्या पुसू लागल्या. हाताला काम आणि तोंडाला गुणगुण. दोन बोल्ट सख्खे भाई, पंच्याऐंशी, नको घाई. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा हात बदकाच्या पोथीवर थांबला.

त्या पोथीत गेल्या महिन्यात अकरा नवी पाने आली होती. नवऱ्याला तेव्हा खोकला होता. दहा पाने नीट झाली, अकराव्याला तो खोकत खोकत वाचत होता, आणि तो आकडा असा आडदांड होता की ओवीत बसेना. एकशे अठ्ठावीस. *एकशे अठ्ठावीस, नको घाई.* भातात खडा यावा तशी ओळ दाताखाली येई. “राहू दे आता,” त्या म्हणाल्या होत्या. “उद्या नीट बांधते. पडा तुम्ही.” तो उद्या आलाच नाही. जुनी ओवी गोड होती, ती जिभेवर बसून राहिली.

बाईंनी पोथी उघडली. कोपऱ्याचा क्रमांक पाहिला, पानावरून तळहात फिरवला. कागद गुळगुळीत, नवा. आकडा होता तिथे धूर होता. त्यांनी मान तिरकी केली, पान डोळ्यांजवळ आणले, दूर नेले. धूर पानाबरोबर सरकत राहिला.

आपण सकाळी काय म्हटले? नवा म्हटला असेल. म्हटला असेलच.

त्या खिडकीतून डोकावल्या. “लांब्या, अरे मघाशी त्या बदकाला मी किती वाचलं?”

“पंच्याऐंशी. का हो?”

“काही नाही. सहज.”

“सहज काय? बाईंना पण आकडा विचारायची पाळी आली म्हणजे आमचं कसं व्हायचं!” लांब्या हसला आणि म्हशीखाली सरकला.

बाई स्टुलावर बसल्या. नवऱ्याने त्या रात्री वाचलेले पानाचे पहिले वाक्य आता त्याच्याच खोकल्यासकट कानात येऊ लागले. *लांब उतारावर सतत ब्रेक लागल्यास हे बोल्ट सैल होत असल्याच्या तक्रारींवरून बोल्ट बदलले आहेत. नवे बोल्ट जुन्या आकड्याला आवळू नयेत.* आवळू नयेत. लांब्याने बोल्ट नवे घातले होते आणि आकडा जुना.

घड्याळ त्यांना काट्यांच्या कडेवरून कळे. सव्वाअकरा. पंप वर्कशॉपपासून पाऊण तासावर. मास्तर हळू चालवतात. म्हणजे अजून घाट लागला नसेल. पण आज रस्ता मोकळा असेल तर?

आणि सांगायचे तर काय सांगायचे? पुस्तकात एक आणि तुम्ही वाचलंत दुसरं, हे कसं, असे कुणीही विचारील. बाईंनी उत्तरे जुळवून पाहिली. पान चिकटलं होतं. ओळ चुकली. चष्मा बदलायचाय. एकेक उत्तर शिवणीत उसवत गेले. काहीच न बोलले तर? पंच्याऐंशी म्हणजे काही शून्य नव्हे. दहा वर्षे बदके पंच्याऐंशीवरच धावली. एक वळण, दोन वळणे, एकवीस वळणे. ब्रेक नीट केलेत ना गं पोरी.

त्या उठल्या. फोरमनच्या खोलीपर्यंत अठरा पावले होती, ती त्यांना अंगणभर पसरल्यासारखी वाटली.

“साहेब, मघाचं बदक परत बोलवा. पुढच्या ब्रेकचे बोल्ट जुन्या आकड्याला आवळले गेलेत. एकशे अठ्ठावीस हवे होते.”

फोरमन हाडाचा मेकॅनिक. तो आधी घाबरला, मग रागावला. त्याने पोथी आणवली, पान पाहिले, कार्ड पाहिले. पानावर एकशे अठ्ठावीस, कार्डावर लांब्याच्या अक्षरात पंच्याऐंशी. त्याने मास्तरांना फोन लावला. घंटी वाजत राहिली.

“उचलत नाही. गाडी चालवताना फोन घेत नसेल. गुणी माणूस!” त्याने पुन्हा लावला आणि दारातून ओरडला, “लांब्या! इकडं ये!”

लांब्या आला. फोरमनने कार्ड त्याच्या नाकासमोर धरले. “हे काय लिहिलंस? कान आहेत की भोपळे? पुस्तकात एकशे अठ्ठावीस आहे.”

लांब्या पानाकडे बघत राहिला. “मला तर बाई पंच्याऐंशी...” तो थांबला. त्याने बाईंकडे पाहिले. त्याचा चेहरा बाईंना दिसला नाही, नुसता आवाज खाली गेलेला ऐकू आला. “नाही साहेब. माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल. बाई कधी चुकत नाहीत.”

बाईंनी तोंड उघडले, पण फोरमन फोनवर तिसऱ्यांदा घंटी ऐकत होता, आणि त्या क्षणी त्यांना फोनखेरीज दुसरे काही सुचले नाही. “साहेब, पंप,” त्या म्हणाल्या. “घाटाच्या तोंडावरचा. त्यांची सासू तिथं उतरते. तिला घाट बाधतो.”

फोरमनने पंपावर फोन लावला. तिथल्या माणसाने विचारले, बदक म्हणजे काय? फोरमनने गाडीचे कंपनीचे नाव सांगितले, रंग सांगितला. “जरा थांबा, बघतो,” पलीकडचा म्हणाला. पावले दूर गेली. कुठल्या तरी ट्रकचा हॉर्न वाजला. बाई टेबलाची कड धरून उभ्या होत्या. पान्याची टिचकी वाजायच्या आधी हात जसा ताठतो तसा त्यांचा सगळा देह ताठला होता.

“आहे हो,” फोन बोलला. “बाकावर एक आजी बसल्यात. पदरानं वारा घेतायत. मास्तर म्हणतात, निघतोच आता.”

“निघू नका म्हणावं! चावी काढून घ्या त्यांची!” फोरमन किंचाळला.

लांब्या टॉर्कचा पाना पाठीला बांधून मोटारसायकलवर निघाला. जाताना फोरमन म्हणाला, “हे काम कर आणि परत येऊन सही कर. महिन्यापूर्वी चेंबरचा नट विसरलास, आज हे. दोन झाल्या. तिसरीची वाट मी बघणार नाही.”

“बरं साहेब,” लांब्या म्हणाला.

यानंतरचे दोन तास बाई खिडकीत होत्या. गाडी थांबली, म्हातारी वाचली, कुणी त्यांना काही विचारले नाही. उलट साफसफाईवाली येऊन म्हणाली, “बाई, तुम्ही वेळेवर पाहिलंत म्हणून. नाहीतर काय झालं असतं!” पेटीवाल्याने क्लचचा आकडा विचारला, तो त्यांनी सांगितला, त्याने परत म्हटला. सगळे रोजच्यासारखे होते आणि तेच सहन होत नव्हते. लांब्याची थोरली पहिलीत होती. धाकटीच्या जावळाचे फोटो त्याने इथेच, या खिडकीतून दाखवले होते. बाई म्हणाल्या होत्या, तुझ्यावर गेली रे. फोटोत त्यांना धूर दिसला होता.

आपण घरी जाऊन नवऱ्याला काय सांगणार? तो म्हणेल, झालं ना निभावून? आणि मग रात्रभर छताकडे बघत राहील. चांगला माणूस, त्याला खोटे पचत नाही. त्याला पचवायला देण्यात अर्थ नव्हता.

दीड वाजता मोटारसायकल आली. “चारही बोल्ट अर्ध्या फेऱ्याच्या वर घेतले,” लांब्याने सांगितले. “डावा वरचा जास्तच. मास्तरांनी चहा पाजला. आजी म्हणाल्या, खिडकीतल्या बाईला सांग, मी अजून पंपावरच आहे, पळाले नाही.”

कुणीतरी हसले. फोरमन हसला नाही. त्याने टेबलावर एक कागद सरकवला. “आकडा चुकीचा ऐकला, असं लिहिलंय. खाली सही. पुढचं वर कळवतो मी.”

लांब्याने हात पुसून पेन घेतले.

“सही करू नकोस,” पोथीबाई दारातून म्हणाल्या.

“बाई, तुम्ही मधे पडू नका,” फोरमन म्हणाला. “तुमचं मन मऊ आहे, मला माहीत आहे.”

“त्यानं बरोबर ऐकलं. मीच पंच्याऐंशी म्हटलं.”

“पुस्तकात एकशे अठ्ठावीस असताना?”

“पुस्तकात काय आहे ते मला दिसत नाही.” बाई आत आल्या. “कुठलंही पान काढा आणि माझ्यासमोर धरा. नाही वाचता यायचं. दोन वर्षं झाली. मी वाचत नाही, साहेब. मी म्हणते.”

बाहेर हातोडा चालला होता, तो थांबला. माणसे दारात जमली.

“कसं शक्य आहे?” फोरमनने अभावितपणे म्हशीचा खंड ओढला. “मागच्या एक्सेलचा मोठा नट?”

“दोनशे पंचेचाळीस. आधी दीडशे, मग चाक हातानं फिरवून पूर्ण.”

त्याने पान शोधले. बराच वेळ लागला. “बरोबर आहे.”

“पेटीचं हेड?” दारातून कुणीतरी विचारले.

“मधून कडेला, तीन फेऱ्यांत. तीस, साठ, मग नव्वद अंश.”

“बरोबर.”

“चिमणीचा—”

“पुरे,” फोरमन म्हणाला आणि खंड मिटला. तो बाईंच्या हाताखालीच शिकला होता. नवा होता तेव्हा त्या खिडकीसमोर आकडे परत म्हणताना अडखळायचा. त्याने कागद उचलून दोनदा घडी घातली, मग चार तुकडे केले. “बाई, बरोबर असून भागत नाही हो.”

“मला ठाऊक आहे.”

“मी आज वर कळवलं नाही तर उद्या माझा चेहरा मला बघवणार नाही.”

“कळवा. कपाटाची किल्ली आता घ्या.” त्यांनी कनवटीची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. “आणि बदकाचं अकरावं पान कुणाकडून तरी दोनदा वाचून घ्या. बाकीची दहा मला येतात, पण तीही वाचून घ्या.”

लांब्या त्यांना फाटकापर्यंत पोचवायला आला. “बाई,” तो शेवटी म्हणाला, “मग माझ्या धाकटीचा फोटो?”

“नाही रे दिसला.”

“मग ‘तुझ्यावर गेली’ असं कशावरून म्हणालात?”

“आवाजावरून. तू दाखवत होतास ना, त्या आवाजावरून.”

लांब्याने फाटकाची कडी काढली आणि म्हणाला, “बरं झालं. आईवर गेलीय ती.”

बसच्या थांब्यावर दुपारचे ऊन होते. संध्याकाळी इथे हॉस्पिटलमधली एक नर्स असे. तिच्या बुटांची चाल ओळखून बाई तिच्यामागे चढत, आणि ती उतरे त्याच्या पुढच्या थांब्यावर स्वतः उतरत. आज त्या चार तास लवकर आल्या होत्या. नर्स नव्हती. एक बस आली, तिच्या कपाळावर धूर होता; ती गेली. दुसरी आली, तीही गेली. तिसरीही तशीच निघून गेली.

शेजारी कुणीतरी उभे होते. वर्तमानपत्राची घडी मोडल्याचा आवाज येत होता.

“अहो, ऐका ना,” बाई म्हणाल्या. कागद सळसळतच राहिला, म्हणून पुन्हा म्हणाल्या, “ऐका ना. मला दिसत नाही. बसचा नंबर सांगाल का?”

“कितवी हवी तुम्हाला?”

“चव्वेचाळीस.”

“तिला वेळ आहे मावशी. बसा तुम्ही बाकावर.”

बाई बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. तो माणूस वर्तमानपत्र मिटून त्यांच्या जवळ येऊन उभा राहिला, आणि विचारले नव्हते तरी येणाऱ्या प्रत्येक बसचा नंबर तो मोठ्याने सांगत राहिला.